आकडा नसलेली

बाउत्सेनच्या पाणीखात्यात, तळघरात,
जिथे सर्व्हरचा गरम श्वास पायांना लागतो
आणि जानेवारीत सगळे काहीतरी निमित्त काढून खाली येतात,
लेनार्टने विचारलं: ही ओळ काय आहे, वोर्शुला?

रोज पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी
कुणीतरी आमचं एकच पान मागतं,
पाणी कधी बंद राहणार, त्याचं.
आणि मागताना आधी सांगतं,
कुठली भाषा चालेल:

जर्मन; क्यू = ०.७,
इंग्रजी; क्यू = ०.२,
सोर्बी

'जर्मन पहिली आहे. आपण जर्मन पाठवतो. मग बरोबर.'
एकोणीस वर्षांचा पोरगा, ड्रेस्डेनहून येतो,
डब्यात रोज दोन उकडलेली अंडी.
म्हटलं, रांग बघू नकोस, वजन बघ.
'सोर्बीला तर वजनच नाही.'
नाही म्हणजे, लिहिलेलं नाही.
जिच्यापुढे आकडा नाही, ती पूर्ण एक.
घरच्या माणसाला कुणी मोजून वाढतं का?

०.७ म्हणजे दुधाची तहान ताकावर.
०.२ म्हणजे निदान ओठ ओले.
दशांशचिन्हापुढे तीनच घरं, त्याहून बारीक तोलायचं नाही,
पण ०.००१ लासुद्धा दार किलकिलं असतं.
शून्याला नसतं.
शून्य म्हणजे कमी नव्हे. शून्य म्हणजे नको.

'म्हणजे आपण रोज ताक पाठवतो?'
रोज. आणि वर दोनशेचा शिक्का मारतो: सगळं ठीक.
ठीकच आहे की.
जर्मन चालेल असं तोच म्हणालाय.
'चालेल' या शब्दाखाली
किती काय खपून जातं.

एक गोष्ट मी लेनार्टला सांगितली नाही.
ब्राउझर अशी मांडणी करत नाही,
तो जड ते पुढे ठेवतो.
ही ओळ कुणीतरी हाताने लिहिली आहे.
आधी पाहुण्यांची सोय पाहिली,
मग शेवटी, अंग चोरून, स्वतःचं नाव.
किंवा आता तिथे कुणी नसेलही.
गेलेल्या माणसाने लावून ठेवलेला
लहानसा प्रोग्राम,
वीजबिल कुणी भरतंय तोवर पहाटे उठणारा.

पान सहा ओळींचं.
गुरुवारी सहा ते नऊ. कृपया पाणी भरून ठेवा.
मुख्य झडपेची दुरुस्ती.
झडपेशी मी अडले.
ख्रोश्चित्सीला हान्झा मावशीला फोन केला,
तिने बराच वेळ विचार केला, मागे कोंबड्या ऐकू येत होत्या,
मग म्हणाली, 'आम्ही वेन्टिलच म्हणतो गं.'

दुसऱ्या दिवशी, चार दहा.
तीच ओळ. उत्तर: सोर्बी. दोनशे.
नोंदवहीत यापुढे काही नसतं.
कुणी वाचलं, कुणी हसलं वेन्टिलवर,
त्याला रकाना नाही.

घरी येऊन मी माझा स्वतःचा ब्राउझर उघडला.
जर्मन. इंग्रजी; क्यू = ०.५.
बस.
विकत घेतला तेव्हापासून तसाच.
जी यादीतच नाही,
तिला शून्यसुद्धा मिळत नाही.

मग बसले आकडा शोधत.
पैसे मी जर्मनमध्ये मोजते. दाताच्या डॉक्टरकडे जर्मनमध्ये घाबरते.
नवऱ्याशी जर्मन, तो गेल्यावर त्याच्या फोटोशीही.
आईला मात्र शेवटच्या आठवड्यात
जर्मन कळेनाशी झाली होती.
०.८ लिहिलं. खोडलं. ०.६.
कोरं ठेवायचा धीर होईना,
खोटं बोलल्यासारखं वाटलं.

टिगो दाराशी उभा, साखळी तोंडात.
पोय, मी म्हणाले, चल.
तो निघालाच होता.